आजोबांची जीप आणि ट्रकचे इंजिन

कला शाखेच्या वार्षिक अंकात इंजिनावरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील याची मला पूर्ण कल्पना आहे. पण आमच्या मराठीच्या बाईंनी "अंकासाठी लिही, मात्र घरचे काहीतरी लिही" अशी आज्ञा केली, आणि आमच्या घरात गेले वर्षभर जेवताना, झोपताना, पाहुणे आले असताना एकच विषय चालू आहे, तो म्हणजे अंगणातल्या जीपमध्ये ट्रकचे इंजिन बसवायचे की नाही. तेव्हा मी दुसरे लिहिणार तरी काय? मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. माझ्या हातात पाना दिला तर तो कोणत्या बाजूने धरायचा इथपासून विचारावे लागते. परंतु या वर्षभरात मिस्त्री लोकांच्या मागे लागून मी जे शिकलो, ते इतर कोणाला उपयोगी पडेल असे वाटते, कारण अंगणात जुनी गाडी आणि खिशात थोडे पैसे असलेली माणसे आपल्या पनवेल तालुक्यात पुष्कळ आहेत.

आमचे घर खारघरच्या गावठाणात आहे. आज उत्सव चौकातून येणाऱ्याला उंच इमारतींच्या मध्ये हे गावठाण शोधावे लागते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे आमची भातशेती नव्या शहरासाठी संपादित झाली. मोबदल्याचे जे पैसे मिळाले, ते हातात वितळून जायच्या आत आजोबांनी १९७६ साली एका सरकारी लिलावातून जुनी पेट्रोल जीप घेतली. शेती गेलेल्या माणसाला पोटासाठी दुसरे काहीतरी हवे होते. त्या जीपने पनवेल ते बेलापूर माणसे वाहिली, खाणीवरचे मजूर वाहिले, वऱ्हाडे वाहिली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनाला आमच्या आळीतली माणसे याच जीपमधून गेली होती. माझ्या वडिलांचे आणि काकांचे शिक्षण या जीपने केले असे आजी म्हणते, आणि ते हिशेबानेही खरे आहे.

ही जीप म्हणजे सी. जे. ३ बी. विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीपगाड्या १९४७ पासून मुंबईत महिंद्रांकडे जोडल्या जाऊ लागल्या, पुढे इथेच बनू लागल्या. ३ बी चे बॉनेट उंच दिसते त्याचे कारण आतले इंजिन उंच आहे. याचे नाव हरिकेन. चार सिलिंडर, १३४ घनइंच म्हणजे सुमारे २२०० सी.सी. याची रचना मोठी गमतीची आहे: हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, कडेला. ताकद सत्तर-बहात्तर अश्वशक्ती, तीही मिनिटाला ४००० फेऱ्यांवर. आणि पेट्रोल? लिटरला आठ किलोमीटर दिले तर नशीब.

इथेच सगळ्या गोष्टीचे मूळ आहे. अमेरिकेत जुन्या गाडीत ट्रकचे मोठे, सात-साडेसात लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन घालतात ते वेगाच्या हौसेपायी. आपल्याकडे ट्रक-टेम्पोचे इंजिन घातले ते अ‍ॅव्हरेजसाठी. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल गाडी पोसणे मध्यमवर्गीयाला जड होऊन बसले. डिझेल मात्र शेतकऱ्याचे आणि एस. टी. चे इंधन म्हणून सरकारने स्वस्त ठेवले. पुढे नव्वदीच्या दशकात पेट्रोलचा भाव डिझेलच्या दुपटीच्या घरात असायचा. मग माणसाने काय करावे? अ‍ॅम्बॅसेडरला कारखान्यातूनच डिझेल इंजिन मिळू लागले ते १९८० च्या सुमारास. त्याआधीची पेट्रोल अ‍ॅम्बॅसेडर असली तर लोक त्याच कुळातले डिझेल इंजिन मिळवून बसवत. आकुर्डीच्या मॅटॅडोरमध्ये मर्सिडीजच्या परवान्याने बनलेले २४०० सी.सी. चे इंजिन होते, त्याला तर अ‍ॅम्बॅसेडरवाले आणि जीपवाले दोघेही टपलेले असत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनाही डिझेल इंजिने लागली, आणि त्यांचा धूर इतका झाला की प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन शेवटी जुन्या टॅक्सींना सी.एन.जी. ची वाट धरावी लागली. ती शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेली. असो.

आमची जीप २०११ पासून उभी आहे. आजोबा गेले त्या वर्षी ती शेवटची चालली. गेल्या दिवाळीत आजीने काढले, "येत्या चैतात एकवीरेला जायचं त ह्याच जीपमधून जाऊ. माजं आता किती चैत राह्यलेत?" एवढे बोलून ती तांदूळ निवडत बसली, पण काकांची झोप उडाली. कळंबोलीला ट्रक टर्मिनलच्या आसपास भंगारवाले आहेत, गॅरेजे आहेत. तिथे काकांची ओळख. आठच दिवसांत ते बातमी घेऊन आले: ४०७ टेम्पोचे इंजिन मिळते आहे, पंचेचाळीस हजारात, चालू स्थितीत. पंधरा हजार इसारा देऊनही झाला होता.

या इंजिनाचे नाव ४९७. नावातच त्याची कुंडली आहे: पहिला ४ म्हणजे सिलिंडर चार, आणि पुढचे ९७ म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. दट्ट्याचा फेरा १०० मिलिमीटरचा. शाळेतले वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र घातले की २९५६ सी.सी. येते, हे मी करून पाहिले तेव्हा काकांना प्रथमच माझ्या शिक्षणाचे कौतुक वाटले. मोठ्या ट्रकचे ६९७ हे याचे थोरले भावंड, सहा सिलिंडरांचे, फेराही मोठा, पावणेसहा लिटरच्या जवळ जाणारे. ते जीपच्या नाकात मावणार नाही, हे सांगायला मिस्त्री लागत नाही. ४९७ मात्र मावते. निदान मावते असे सगळे म्हणतात.

आता 'मावते' या शब्दाचा अर्थ मी वर्षभर शिकलो तो सांगतो.

पहिली अडचण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या लग्नाची. इंजिनाच्या मागच्या तोंडाचे बोल्ट आणि जीपच्या हाऊसिंगचे बोल्ट यांचा मेळ नसतो. म्हणून मधे एक जाड पोलादी पाटी घालतात, तिला अ‍ॅडॉप्टर प्लेट म्हणतात. एका बाजूला इंजिनाची भोके, दुसऱ्या बाजूला हाऊसिंगची. ऐकायला सोपे आहे. पण इंजिनाच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य तंतोतंत एका रेषेत यावा लागतो; इंचाच्या काही सहस्रांशांचा फरकही चालत नाही. चांगला लेथवाला फ्लायव्हीलवर डायल गेज लावून, क्रँक हाताने फिरवून, काटा किती हलतो ते पाहतो आणि मगच पाटी पक्की करतो. घाईचा माणूस डोळ्याने पाहून भोके पाडतो. गाडी दोन्हीकडे चालू होतेच. पण दुसऱ्याच्या गाडीत सहा महिन्यांत शाफ्टचे बेअरिंग ओरडू लागते आणि चढावर गिअर सुटून हातात येतो. बरे, ४०७ ची स्वतःची गिअरबॉक्सच का घेऊ नये, असे मी विचारले. त्याचे उत्तर असे की जीपला चारही चाकांना जोर देणारा ट्रान्सफर केस असतो, तो गिअरबॉक्सच्या पाठीलाच चिकटलेला असतो, आणि डिफरन्सिअल मध्यावर नसून एका बाजूला सरकलेले असते. टेम्पोची गिअरबॉक्स घातली तर मागचा शाफ्ट भलतीकडेच जाईल.

दुसरी अडचण इंजिनाच्या पोटाची. जीपचा पुढचा आस इंजिनाच्या खालीच असतो. गाडी खड्ड्यात आपटली की पाटे दबतात, आस वर येतो आणि तेलाच्या संपला धडकतो. म्हणून संप कापून त्याचा आकार बदलावा लागतो, आणि आकार बदलला की तेल खेचणारी नळीही हलवावी लागते. ही नळी तेलाबाहेर राहिली तर चढावर इंजिनाला तेल मिळत नाही आणि बेअरिंगे जळतात. बोरघाटात अशी उभी राहिलेली गाडी मी पाहिली आहे. तिचा मालक रस्त्याच्या कडेला बसून शांतपणे भजी खात होता; बहुधा सवय झाली असावी.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली, कारण ती शुद्ध त्रैराशिकाची आहे. पेट्रोल इंजिन जोराने फिरते, डिझेल सावकाश आणि नेटाने. जीपच्या मागच्या क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर ५.३८ आहे, म्हणजे शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरा. टॉप गिअरमध्ये हरिकेन ४००० फेऱ्यांनी फिरले तर गाडी ताशी शंभरच्या आसपास जाते. (जात नाही, पण गणितात जाते.) आता त्या जागी मिनिटाला २८०० फेऱ्यांवर दम संपणारे डिझेल घातले, तर तीच गाडी सत्तरच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि इंजिन सुखात चालावे म्हणून २४०० वर ठेवले तर बरोबर साठ. म्हणजे घाटात ही गाडी ट्रकला मागे टाकील आणि सपाटीवर रिक्षावाला हिला हॉर्न देईल. उपाय आहे: ५.३८ च्या जागी, समजा, ४.२७ चे क्राऊन-पिनियन मिळवावे, म्हणजे सत्तरचे अठ्ठ्याऐंशी होतात. पण जीपला पुढेही डिफरन्सिअल आहे. दोन्हीकडची जोडी बदलली नाही तर फोर-व्हील टाकल्याबरोबर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडतील. म्हणजे खर्च दुप्पट.

बाकीच्या बाबी लहान वाटतात, पण त्या हौशी माणसाला हमखास फसवतात. डिझेल चावीने बंद होत नाही, त्याला पंपाचे इंधन तोडणारी ओढायची तार लागते. पंपातून आणि नोझलमधून उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळी लागते, ती पेट्रोल गाडीत नसते. बॅटरी मोठी लागते. जुन्या जीपचा वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. डिझेलमध्ये तो व्हॅक्यूम तयारच होत नाही. म्हणजे पावसाळ्यात वायपर निजलेला. हे मला प्रथम थट्टाच वाटली होती.

यापुढची गोष्ट मात्र थट्टेची नाही. इंजिन बदलण्याचा हिशेब सगळे करतात, गाडी थांबवण्याचा करत नाहीत. जीपला चारही चाकांना नऊ इंचांचे ड्रम ब्रेक आहेत, एकाच नळीवर चालणारे. एक जोड फुटला की चारही गेले. पुढे जड इंजिन आले की पुढचे पाटे बसतात, स्टिअरिंग जड होते, उतारावर वजन पुढे कोसळते आणि ब्रेक मात्र तेच. शिवाय पेट्रोल इंजिनाला अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हवेची वाट बंद होते आणि इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढते. डिझेलमध्ये हवेची वाट उघडीच असते, त्यामुळे ही ओढ कमी. मोठ्या ट्रकना एक्झॉस्ट ब्रेक देतात ते याचसाठी.

१९९६ साली आमच्या ओळखीच्या एका जीपमध्ये असेच टेम्पोचे इंजिन बसवले होते. काम झकास झाले होते, आवाज खणखणीत होता. ब्रेकवर एक पैसा खर्च केलेला नव्हता. लोणावळ्याहून परतताना घाटाच्या उतारावर ब्रेक तापून सुटले. चालवणाऱ्याने शहाणपणाने गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून सगळे वाचले. पुढच्या सीटवर माझे वडील होते. त्यांच्या उजव्या पायात अजून सळई आहे आणि पावसाळ्यात ते जिना चढताना कठड्याला धरून चढतात. ही गोष्ट घरात कधी कोणी पुरी सांगितली नव्हती. मी या लेखासाठी विचारू लागलो तेव्हा वडिलांनी ती सांगितली, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, "काकाला मी नको म्हणणार नाही. त्याला वाटेल, मी पायावरनं बोलतोय."

मग ते काम माझ्यावर आले. मी काकांच्या हिशेबाचा कागद घेऊन बसलो. इंजिन ४५ हजार, फ्युएल पंप आणि नोझल तपासून घेणे १२, अ‍ॅडॉप्टर प्लेट आणि लेथकाम ८, क्लच ५, फाउंडेशन आणि वेल्डिंग ४, रेडिएटर ६: एकूण ८० हजार. कागदावर ब्रेक नव्हते, पाटे नव्हते, क्राऊन-पिनियन नव्हते. ते बाजूला ठेवले तरी नफ्याचा प्रश्न होताच. पेट्रोलवर जीप लिटरला आठ देते, डिझेलवर बारा देईल. आज दोन्ही इंधनांच्या भावातला फरक लिटरला पंधरा रुपयांच्या आत आहे. पेट्रोलचा भाव २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने मोकळा सोडला, तेव्हापासून जुनी तफावत उरलीच नाही. हिशेब केला तर किलोमीटरमागे साडेपाच रुपये वाचतात. म्हणजे ८० हजार भरून निघायला साडेचौदा हजार किलोमीटर. आमची जीप वर्षाला किती चालेल? एकवीरा, दोन-तीन लग्ने, गणपती. हजार किलोमीटर म्हटले तरी साडेचौदा वर्षे. आजोबांच्या काळी हीच जीप दोन महिन्यांत तेवढी चालत असे. तेव्हा इंजिन बदलणे हा व्यवहार होता. आज ती हौस आहे, आणि हौसेला हौसच म्हणावे असे माझे मत आहे.

कायद्याचा भाग मी शेवटी पाहिला, खरे तर तो आधी पाहायला हवा होता. पूर्वी गाडीत असा बदल करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून मंजुरी घेता येत असे, जुन्या आर.सी. बुकांत डिझेल इंजिनाची नोंद सापडते ती त्यामुळे. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सी.एन.जी. सारख्या दुसऱ्या इंधनाचा मान्यताप्राप्त संच बसवणे चालते, आणि त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन परवानगीने बदलण्याला वाट आहे. दुसऱ्या कंपनीच्या टेम्पोचे इंजिन त्यात कुठेच बसत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपयांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आमच्या जीपचे तर पासिंगही संपलेले आहे. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्या वेळी निरीक्षक चॅसीचा आणि इंजिनाचा नंबर आर.सी. शी ताडून पाहतो. तिथे ४९७ चा नंबर दिसला की संपले. आणि भंगारातल्या इंजिनाचे बिल नसेल तर ते कोणाच्या गाडीतून निघाले याचे उत्तर आपणच द्यायचे. काकांच्या इंजिनाला बिल नव्हते.

"मग हे कळंबोलीत रोज बसवतात ते?" काकांनी विचारले. बसवतात हे खरे आहे, आणि त्यातल्या कित्येक गाड्या गावात, खाणीवर, शेतावर चालतात हेही खरे आहे. मी त्यांना एवढेच विचारले की आजी पुढच्या सीटवर बसणार आहे, तर विम्याच्या कागदावर काय लिहायचे? गाडीचे वर्णन खोटे निघाले की विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळते. काका उठून बाहेर गेले. दोन दिवस आमच्यात बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी ते वडिलांच्या शेजारी ओट्यावर बसलेले दिसले. काय बोलले ते मला माहीत नाही.

भंगारवाल्याने इसाऱ्यातले तीन हजार कापून घेतले आणि बारा परत दिले. त्या पैशांतून हरिकेनच उघडायचे ठरले. पनवेलच्या एका वयस्क मिस्त्रींनी, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो, हेड उतरवले. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून कडेला चंद्रकोरीसारखा खाल्ला गेला होता, रिंगा चिकटल्या होत्या, पण क्रँक सरळ निघाला. ब्लॉक बोअर करायला गेला आहे. पिस्टनचा संच मुंबईतून एका जुन्या दुकानदाराकडून मिळाला; त्याने तो कपाटाच्या वरच्या फळीवरून, तेलकट कागदातला, काढून दिला आणि भाव मात्र आजचा लावला. चारही चाकांची ब्रेक सिलिंडरे, मास्टर सिलिंडर आणि सगळ्या नळ्या नव्या घेतल्या. एकूण अंदाज बावन्न हजारांचा आहे. पेट्रोल लिटरला आठच जाळणार, याबद्दल कोणाचा गैरसमज नाही.

हा लेख देताना ब्लॉक अजून लेथवाल्याकडेच आहे. काका रोज संध्याकाळी तिथे चक्कर मारून येतात. पासिंगचा अर्ज मी भरला आहे आणि इंजिन नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला छाप वहीत जपून ठेवला आहे, कारण त्यातला शेवटचा आकडा ३ आहे की ८, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.